क्रॉनकाइट-कॅनडा आणि खारट आमटी

"कॅन्सर परत आलेला नाही," बर्मिंगहॅमच्या हॉस्पिटलात कन्सल्टंट म्हणाले आणि पुढचं मला ऐकूच येईना. यांनी कोपरानं ढोसलं, "अगं, डॉक्टर अजून बोलतायत!"

मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन वर्ष झालं होतं. मग जुलाब सुरू झाले, केस गेले, नखं सुटू लागली. कॅन्सरच उलटला, असं मी धरून चालले होते. कोलोनोस्कोपी झाली, म्हणजे नळीतून आतड्यात कॅमेरा. आत पॉलिप्सच पॉलिप्स! पॉलिप म्हणजे आतड्याच्या अस्तरावर उगवलेला मांसल कोंब. तोंडातून नळी घालून पाहिलं, तर जठरातही तेच.

"क्रॉनकाइट-कॅनडा सिंड्रोम. फार दुर्मिळ. मीसुद्धा पहिल्यांदाच बघतोय," डॉक्टर म्हणाले. चेहरा असा खुललेला, की मला पेढे वाटावेसे वाटले. मी आधी विचारलं, माझ्या मुलींनाही होईल का. "हा आनुवंशिक नाही," ते म्हणाले. माझा जीव भांड्यात पडला.

"यात तोंडाची चवही जाते. तुमची गेली आहे का?"

"छे!" मी ठणकावून सांगितलं.

शेजारी हे खाकरले. मग मराठीत, हळूच, "अगं, कित्येक महिने आमटी खारट होतेय. इथल्या मराठी मंडळाची माणसं जेवायला आली, ती नुसती पाणी पीत होती."

मी उडालेच. मला वाटायचं, डाळच बेचव मिळतेय. त्यापायी दुकानसुद्धा बदललं होतं!

"मग बोलला का नाहीत?"

"एवढ्या ऑपरेशनमधून उठून तू स्वयंपाकाला लागलीस. तुला काय नावं ठेवायची?"

माझं लक्षण सगळ्यांनी मुकाट्यानं भातात कालवून खाल्लं होतं. मला राग आला आणि रडूही आलं. म्हणून सांगते, घरात आजारी माणूस असेल आणि आमटी खारट झाली, तर तोंडावर सांगा. डॉक्टरांनाही सांगा.

स्टेरॉइड्स सुरू झाली, म्हणजे आतड्याची सूज उतरवणारी औषधं. त्यांच्यामुळे चेहरा फुगला, भूक सुटली, हळूहळू नखं आली. पॉलिप्स कमी झाले. कॅमेऱ्याची तपासणी मात्र आता कायमची, आणि तिची मला सवय झाली आहे.

आमटीत मीठ घालताना मात्र हात धजेना. एका रविवारी यांनी पहिला घास घेतला आणि चाचरत म्हणाले, "मीठ जरा कमी पडलंय."

मी चाखून पाहिली. खरंच कमी होतं, आणि मला ते कळलं. डोळे पुसत मी मिठाची बरणी आणायला उठले.