भोंगेअण्णांची विलायतेतली पोरं

भोंगेअण्णांना इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं, आणि कोल्हारच्या पंचक्रोशीत इंग्रजी गाण्याचं त्यांच्याइतकं वेड दुसऱ्या कुणाला नव्हतं. गाणं म्हणजे एकच हं! एका लहानशा रेकॉर्डची एक बाजू. दुसऱ्या बाजूला ओरखडा होता, तिथे सुई अडकायची. त्या एका बाजूवर या माणसाने जीव टाकला होता.

लग्नकार्यात लाउडस्पीकर भाड्याने देणं हा त्यांचा धंदा. दोन भोंगे लिंबाच्या झाडावर चढवायचे, खाली बाजेवर मशीन मांडायचं, बॅटरी जोडायची आणि हळदीपासून पंगती उठेपर्यंत गाणी लावायची. सत्तर-एकाहत्तरच्या सुमारास मी तिथल्या हायस्कूलमध्ये इंग्रजीची बाई म्हणून रुजू झाले आणि त्यांच्या दुकानाला लागून असलेल्या खोलीत राहू लागले. तिसऱ्याच दिवशी अण्णा रेकॉर्ड धोतराच्या सोग्यात धरून दारात उभे. "बाई, तुमी इंग्रजीच्या. ह्या पोरांची नावं तेवढी वाचून दावा."

पाकिटावर एका भिंतीला टेकून उभे असलेले चार तरुण होते. केस कानांवर आलेले, कपडे ढगळ. त्यांची नावं आणि कोण काय वाजवतं ते लिहिलेलं होतं, पण कुठल्या कंपनीचं नाव नव्हतं. मागे शाईच्या शिक्क्याने विलायतेतल्या कुठल्याशा गावाचा पत्ता उमटवलेला. रेकॉर्ड पोरांनी स्वतःच काढली असणार. मी पुण्यात शिकलेली, अंगात थोडी मिजासही होती. मी म्हटलं, "अण्णा, ही कुणी प्रसिद्ध मंडळी नाहीत." त्यावर अण्णा म्हणाले, "म्हनून तर इचारतो. परसिद्ध असती तर त्यांची काळजी कशाला केली असती?"

रेकॉर्ड त्यांना भिंगारच्या जुन्या बाजारात मिळाली होती. बदली झालेल्या कुणा लष्करी साहेबाचं सामान विकायला आलं होतं. अण्णा गेले होते वायरी घ्यायला, आणि खोक्याच्या तळाशी ही चार पोरं सापडली. तेव्हापासून ती 'आपली पोरं' झाली. चष्मेवाला शिकलेला दिसतो, तोच बाकीच्यांची भांडणं मिटवत असणार. ढोलावरच्याला खायला कमी पडतंय, बघा कसा वाळलाय. रेडिओवर कुठलंही इंग्रजी गाणं लागलं की भिंतीवर थाप पडायची. "बाई, आपली हायेत का?" मी पुण्याच्या मैत्रिणींना पत्रं लिहून विचारलं. त्या पोरांचं नाव कुणीही ऐकलं नव्हतं.

बाकीचे स्पीकरवाले नवरी गाडीत बसली की वायरी गुंडाळायला लागायचे. अण्णा थांबायचे. गाडी वेशीबाहेर पडली की सोग्याने रेकॉर्ड पुसायची, आणि मग ते गाणं लावायचं. काय सांगू तुम्हाला! दुपार कललेली, मांडवाखाली अक्षता सांडलेल्या, गाडीची धूळ अजून खाली बसलेली नाही, आणि लिंबाच्या शेंड्यावरून ती गिटार हळूहळू उतरायची. एक सूर, मग थोडी रिकामी जागा, मग दुसरा. मग तो जड, खोल आवाज, प्रवरेच्या पलीकडच्या काठावरून कुणी हाक मारावी तसा. शब्द इतके लांबलेले की मलासुद्धा दोन-तीनच कळायचे. बाया जिथल्या तिथे खाली बसायच्या. सकाळपासून पायाला भिंगरी लावून फिरणारी नवरीची आई तेव्हा पहिल्यांदा रडायची. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा जिचं नावही मला ठाऊक नव्हतं अशा मुलीसाठी हमसाहमशी रडले. इंग्रजी गाणं, पण गावात कुणाला ते परकं वाटत नव्हतं. 'लेक धाडायचं गाणं' असंच त्याचं नाव पडलं होतं.

एका संध्याकाळी अण्णा म्हणाले, "बाई, पोरांना कळलं पायजे."

"काय कळलं पाहिजे?"

"की कुनीतरी ऐकतंय. हितं त्यांचं नाव कुनाला ठावं न्हाई. तिकडं तरी असंल का? आपलं कुनी ऐकत न्हाई म्हनून एक दिवस वाद्यं टाकून देतील पोरं. लई वंगाळ हुईल."

मग आम्ही पत्र लिहिलं. अण्णा सांगत गेले, मी इंग्रजी करत गेले. 'तुमच्या गाण्यावर आमच्या लेकी सासरी जातात. त्यांच्या आया रडतात. वाजवणं सोडू नका. जेवत जा.' शेवटचं वाक्य मी गाळायला बघत होते, पण अण्णांनी बोट ठेवून विचारलं, "जेवायचं लिवलं का?" लिहिलं.

सहा महिन्यांनी उत्तर आलं! चष्मेवाल्याचं होतं. अण्णांनी दुकानाची फळी लावून घेतली, हात-पाय धुतले, आणि माझ्यासमोर मांडी घालून बसले. मी वाचू लागले. पत्र पाहून त्याचा विश्वास बसला नव्हता. गावाबाहेरून त्यांना आलेलं हे पहिलंच पत्र. रेकॉर्डी खपल्याच नाहीत, खोकी अजून खाटेखाली पडून आहेत. चौघं पांगले. तो स्वतः आता पावाची गाडी चालवतो. अण्णा मान हलवत होते. पुढे लिहिलं होतं, 'पण लोक रडतात हे समजलं नाही. ते नाचायचं गाणं आहे. आम्ही उड्या मारत वाजवायचो. तुमच्याकडे चुकून दुसऱ्याच कुणाची रेकॉर्ड तर नाही ना?'

ते वाक्य मला गिळता आलं असतं. पण मी चोवीस वर्षांची बाई, लिहिलंय ते वाचायचं हा माझा बाणा. वाचलं. मेली माझी अक्कल!

पुढच्या रविवारी खात्री करून घ्यायला आम्ही रेकॉर्ड घेऊन एस.टी.ने नगरला गेलो. तिथल्या रेडिओच्या दुकानदाराने ती नव्या मशीनवर ठेवली आणि वेगाचा खटका मधल्या खुणेवर सरकवला. अण्णांच्या मशीनला दोनच वेग होते, जुन्या जड रेकॉर्डींचा जलद आणि एक अगदी संथ. मधला नव्हताच. जलदवर पोरं चिमण्यांसारखी चिवचिवायची, म्हणून अण्णांनी संथ तोच खरा धरला होता. दुकानात गाणं टुणकन उडालं. टाळ्या, शिट्ट्या, कोवळे पातळ आवाज. दुकानदाराचा पाय ठेका धरू लागला. मी अण्णांकडे पाहिलं. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली होती. "बंद करा," ते म्हणाले.

परतताना राहुरीपर्यंत त्यांनी रेकॉर्ड मांडीवर पालथी धरली होती. मग म्हणाले, "म्हंजे बाई, लोकांच्या लेकी चालल्या, आया रडत्यात, आन् मी झाडावरनं नाचगानं लावलं."

"अण्णा, तुम्हाला कुठे माहीत होतं?"

"आता झालं ना म्हाईत."

त्या दिवसापासून त्यांनी ते गाणं लावणं सोडलं. वायरी इतरांच्या आधी गुंडाळून मोकळे व्हायचे. भिंतीवरची थाप बंद झाली. मला जेवण गोड लागेना. एका भल्या माणसाचं एकुलतं एक वेड मी खरेपणाच्या तोऱ्यात हिरावून घेतलं होतं, आणि ते परत कसं द्यायचं हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नव्हतं.

वैशाखात जवळच्या वस्तीवर लग्न होतं. मलाही आमंत्रण होतं. नवरी गाडीत बसली, गाडी हलली, आणि अण्णा झाडावरचा भोंगा सोडू लागले. नवरीची आई पदर खोचून तरातरा आली. "अण्णा, गानं राहिलं."

"ते आता लावत न्हाई, वहिनी."

"का बरं?"

अण्णा खाली उतरले आणि सगळ्या बायांसमोर त्यांनी हात जोडले. "ते नाचायचं गानं हाय. माझ्या मशीनला झेपत न्हाई म्हनून हळू वाजतं. म्या नकळत तुमा सगळ्यांची थट्टा केली. माफ करा."

मला वाटलं, आता हसतात की काय. पण ती बाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "थोरलीच्या टायमाला लावलंत. मधलीच्या टायमाला लावलंत. मग माझ्या धाकटीनं काय घोडं मारलं? नाचत असतील त्यांच्या गावात. हितं आमी त्याच्यावर रडलोय. लावा गुमान, गाडी वढ्यापातूर गेली!"

अण्णांनी सोग्याने रेकॉर्ड पुसली, सुई टेकवली, ती दोनदा घसरली. मग लागलं. तेच संथ, तेच लांबलेलं. आता मला ठाऊक होतं की त्या आवाजाच्या आत चार पोरं उड्या मारताहेत, आणि तरीही मी बायांबरोबर जिथल्या तिथे खाली बसले. ओढ्याजवळ गाडी क्षणभर थांबली आणि मग पुढे गेली. त्या दिवशी मी अण्णांना पहिल्यांदा रडताना पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ते दारात. "लिवा, बाई. पोरांनो, रेकॉर्ड तुमचीच हाय. आमचं मशीन म्हातारं हाय. तुमी लई पळत गेलात, म्हनून तुमचं तुमाला धड ऐकू आलं न्हाई. येकडाव हळू वाजवून बघा."

त्याच वर्षी जूनमध्ये माझं लग्न ठरलं आणि मी नोकरी सोडून साताऱ्याला गेले. दिवाळीच्या आधी अण्णांचं कार्ड आलं, कुणाकडून तरी लिहवून घेतलेलं. पोरांचं पत्र आलंय, फोडलेलं नाही, बाईंनीच येऊन वाचावं. मी गेले. ती आमची शेवटची भेट ठरली. तेव्हा ते आम्हा दोघांपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं.

पत्र अर्ध्या पानाचंच होतं. चष्मेवाल्याने लिहिलं होतं, 'बाकीच्या तिघांना बोलावून घेतलं. दोन वर्षं आम्ही एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं. तुम्ही सांगितलं तसं हळू वाजवलं. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि दारातच उभी राहिली. म्हणाली, इतकी वर्षं हे कुठे लपवलं होतंत? आता आम्ही दर शनिवारी जमतो. ऐकायला कोणी नसतं, पण तुम्ही आहात.'

अण्णा भिंतीला टेकून डोळे मिटून बसले होते. मग डोळे न उघडताच म्हणाले, "परत वाचा, बाई. घाई करू नका."