भाईंची फाइल मी अपुरी ठेवली

त्या फाइलीतून तीन गोष्टी मीच गाळल्या. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर सांगता सांगता मी स्वतःला वाचवायला लागेन. ती खोड मला आहे.

आमची कंपनी म्हणजे जालना रोडवर टाइल्सच्या दुकानावरचा मजला. आम्ही मोबाईलचे गेम बनवायचो. त्यातला एकच बऱ्यापैकी चालला, उसाच्या ट्रॅक्टरचा. खड्डे, चिखल, चढ, आणि ट्रॉली उलटू न देता कारखान्यापर्यंत न्यायची. मालक तिशीतला, आम्ही त्याला सर म्हणायचो. बाकी माणसं सहा-सात, आणि त्यांत भाई.

भाई बावन्न वर्षांचे. गुलमंडीच्या मागं घर, धाकटी मुलगी फार्मसीला. वीस वर्षं वाळूजच्या एका कारखान्यात मशीनचे प्रोग्राम लिहिले, ती कंपनी बंद पडली, मग घरी बसून गेम बनवायला शिकले. त्या वयात लोक गुडघ्याला तेल चोळतात. ट्रॅक्टरचा गेम मुळात त्यांचाच, सरांनी नंतर त्यावर कंपनीचं नाव घातलं.

वाळूजची एक सवय त्यांनी सोबत आणली होती. तिथं पाळी बदलताना जाणारा माणूस येणाऱ्याला मशीनपाशी उभं राहून चार्ज देतो. आज मशीन काय नखरे करतंय, कुठं जपायचं, सगळं तोंडी. भाई रोज सहाच्या सुमारास माझ्या टेबलापाशी उभे राहून तसाच चार्ज द्यायचे. कागद नाय, काही नाय. मी लासूर स्टेशनची, कॉलेजात कॉम्प्युटर शिकलेली, पण गेममधलं ओ की ठो कळत नव्हतं. जे काही आलं ते त्या उभ्या उभ्या दहा मिनिटांत आलं.

मग सरांनी एआय घेतला. कोड लिहून देणारा असिस्टंट. लिहायचा भराभरा, आणि चुकायचा तेही भराभरा. ज्या तयार सॉफ्टवेअरवर, म्हणजे इंजिनावर, आम्ही गेम बांधायचो त्याची नवी आवृत्ती आली होती. हा अर्धं जुन्यातलं, अर्धं नव्यातलं कालवून द्यायचा. कधी कधी कुठल्याच आवृत्तीत नसलेली कमांड ठोकून द्यायचा. ही कमांडच नाही म्हटलं की गोड माफी मागायचा आणि खाली पुन्हा तीच. मी चिडून की-बोर्ड आपटायचे. भाई हसायचे. म्हणायचे, "दामाद है अपना, ताई. जावयाला नको म्हणायला लाज वाटते, याला माहीत नाही म्हणायला. वाढा अजून थोडं."

शेवटी सरांनीच उपाय काढला, आणि उपाय चांगला होता, उगाच का नावं ठेवू. एआयला आपल्या गेमचं खात्रीचं ज्ञान लिहून द्यायचं. एक फाइल करायची. कुठल्या आवृत्तीत काय चालतं, काय चालत नाही, कुठं फसतं. प्रत्येक गोष्ट आधी स्वस्तातल्या फोनवर चालवून बघायची, मग लिहायची, आणि पानाखाली तपासणाऱ्याचं नाव. एआय आधी ती फाइल वाचणार, मगच हात चालवणार. सांगायचं भाईंनी, लिहायचं मी.

दुसऱ्या दिवशी सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. दार लावून म्हणाले, "मॅडम, फाइल पुरी झाली की भाईंना मोकळं करू. एकाच कामाला तुमचा आणि त्यांचा, दोन पगार परवडत नाहीत. तोवर त्यांना हे कळू देऊ नका." मी मान हलवली. बाहेर आले तर भाई माझ्या खुर्चीशेजारी त्यांची खुर्ची ओढून बसलेले, जुना तडकलेला फोन हातात. म्हणाले, "चला ताई, कुठून सुरू करायचं?"

तेव्हा बोलायला पाहिजे होतं. बोलले नाही, कारण माझ्या नवऱ्याला वाळूजला कंत्राटावरून ब्रेक देऊन घरी बसवलं होतं आणि घरात माझाच पगार येत होता. हे कारण खरं आहे. पण कारण खरं असलं म्हणून माणूस चांगला ठरत नाही.

दीड महिना आम्ही ती फाइल केली. एवढं सुखाचं काम मी कधी केलं नाही. भाई एकेक गोष्ट सांगायचे आणि ती कशी कळली तेही सांगायचे. ट्रॅक्टर हलवायचा हिशोब पडद्यावर चित्र काढायच्या हिशोबात घालायचा नाही, नाहीतर महागड्या फोनवर ट्रॅक्टर पळतो आणि साध्या फोनवर रांगतो. हे त्यांना त्यांच्या साडूच्या फोनवर कळलं होतं. मी लिहायचे, एआयला द्यायचे, आणि काय सांगू, तो सुधारत गेला. दिलेलं पान नीट पाळायचा. जिथं पान असेल तिथं चुकायचा नाही. जिथं नसेल तिथं मात्र पहिल्यासारखाच बिनधास्त मनचं घालायचा.

हे माझ्या ध्यानात आलं, आणि तिथंच माझं डोकं नको तिथं चाललं. फाइल पुरी झाली की भाई गेले. मग फाइल पुरी होऊच नये. तीन गोष्टी मी बाजूला ठेवल्या. खेळता खेळता फोन आला, माणूस दहा मिनिटं बोलला आणि परत गेममध्ये आला, तर गेमला वाटतं दहा मिनिटं एका दमात गेली. ट्रॉली उडी मारून रस्त्याच्या खाली जाते. त्याला लगाम घालावा लागतो, ती पहिली गोष्ट. दुसरी, खेळणाऱ्याची प्रगती 'बाहेर पडा' बटण दाबल्यावर साठवून उपयोग नाही, कारण ते बटण कोणी दाबतच नाही, लोक सरळ दुसरं काही उघडतात. गेम मागं गेला की तत्क्षणी साठवायचं. तिसरी, नवं साठवताना जुन्यावर थेट लिहायचं नाही. आधी वेगळं लिहायचं, नीट झालं की मग जुनं बदलायचं, नाहीतर मधेच बॅटरी गेली तर दोन्ही जातं. भाईंनी तिन्ही सांगितल्या होत्या, फोनवर करून दाखवल्या होत्या. मी लिहिल्याचं नाटक केलं आणि लिहिल्या नाहीत. मला वाटलं, कधीतरी अडेल आणि सर म्हणतील, भाईंशिवाय होत नाही.

लई हुशारी केली मी.

पानाखाली नाव टाकायची वेळ आली तेव्हा मी म्हणाले, "भाई, एकदा वाचून घ्या." ते म्हणाले, "तुम्ही लिहिलंय ना? मग मी काय वाचू?" एकेका पानाखाली त्यांनी नाव टाइप केलं, दोन बोटांनी, सावकाश. सरांनी विचारलं, "सगळं आलं ना यात?" भाई म्हणाले, "सगळं आलं, सर. एक गोष्ट ठेवली नाही." मी शेजारीच उभी होते.

पुढच्या आठवड्यात भाई भाचीच्या लग्नाला जालन्याला गेले. गेम नव्या इंजिनावर आणायची सरांना घाई. त्यांनी प्रगती साठवायचा सगळा भाग एआयकडून नव्यानं लिहून घेतला, आणि मला म्हणाले, बघून घ्या. मी बघितलं. बटण दाबल्यावरच साठवत होता. जुन्यावर थेट लिहीत होता. दोन्ही मला दिसलं. मी म्हणाले, "ठीक आहे, सर." मनात म्हटलं, थोडं बिघडू दे, म्हणजे भाईंची किंमत कळेल. असा बदललेला ट्रॅक्टरचा गेम त्याच दिवशी लोकांच्या फोनवर गेला.

थोडं बिघडलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळपासून तक्रारी. कोणाच्या साठ लेव्हल गेलेल्या, कोणाचा ट्रॅक्टरच पहिल्या खड्ड्यापाशी परत. एकानं लिहिलं होतं की मुलगा दवाखान्यात पडून हा गेम खेळतो, त्याचं सगळं पुसलं गेलं, आता तो हातात घेत नाही. हे मी तीनदा वाचलं. परत आणता येण्यासारखं काही नव्हतं. बदललेला गेम पहिल्यांदा उघडताना जुनी प्रगती नव्या पद्धतीत थेट वरूनच लिहीत होता, ते मधेच तुटलं की दोन्ही जात होतं.

भाई जालन्याहून तडक ऑफिसात आले, लग्नाचा कुर्ता अंगावर. सरांनी फाइल त्यांच्यापुढं उघडली आणि म्हणाले, "साठवण्याचं पान दाखवा." भाईंनी ती फाइल त्या दिवशी पहिल्यांदा वाचली. वरपासून खालपर्यंत, मग पुन्हा वर जाऊन. शेवटी म्हणाले, "नाही आहे."

"नाही कसं? सगळं आलं म्हणाला होतात. तुमचं नाव आहे खाली." सरांचा आवाज चढला. "मी सांगू? तुम्ही मुद्दाम मागं ठेवलं. नोकरी टिकावी म्हणून अर्धं ज्ञान दिलं."

जे मी केलं होतं ते शब्दाशब्दानं त्यांच्या अंगावर आलं. भाई फाइलीकडंच बघत होते. माझ्याकडं त्यांनी एकदाही बघितलं नाही. त्यांनी बघितलं असतं तर मी बोलले असते, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत होते. खोटं आहे ते. मी टेबलावरच्या पेनांची टोपणं लावत बसले होते. सर म्हणाले, उद्यापासून येऊ नका. भाईंनी डबा उचलला आणि जिना उतरले.

दुसऱ्या दिवशी अकराला ते आले. मला वाटलं सामान न्यायला आले. सर बाहेर गेले होते. भाईंनी खुर्ची ओढली, माझ्या शेजारी बसले आणि म्हणाले, "फाइल खोला ताई. तीन गोष्टी राहिल्यात, त्या लिहून घ्या."

मी म्हणाले, "भाई, ते मी..."

"लिहा," ते म्हणाले. "फोनचं आधी."

त्यांनी सांगितलं, मी लिहिलं. नेहमीसारखं नाही, एकेक वाक्य, आणि प्रत्येक वाक्य मला मोठ्यानं वाचून दाखवायला लावलं. दीड महिन्यात एकदाही असं केलं नव्हतं. तिन्ही गोष्टी त्या तडकलेल्या फोनवर पुन्हा चालवून बघितल्या. मग एआयला तोच भाग लिहायला सांगितला. त्यानं बरोबर लिहिला, एक अक्षर इकडंतिकडं नाही. भाईंनी ते शेवटपर्यंत वाचलं, मान हलवली आणि तिन्ही पानांखाली दोन बोटांनी आपलं नाव टाकलं. आता फाइल खरोखर पुरी झाली होती आणि त्यांना परत बोलवायला कोणाकडं काही कारण उरलं नव्हतं.

मला रडू आलं. मी म्हणाले, "भाई, तुमची नोकरी वाचावी म्हणून केलं हो मी."

"माहीत आहे," ते म्हणाले. "कल रात को ही समझ गया. सांगितलेलं मला आठवतं ना." ते रागावले असते तर बरं झालं असतं. उठताना खुर्ची जागच्या जागी लावली आणि म्हणाले, "आता मला या वयात कोण घेणार ते सोडा. एक करा फक्त. सरांना सांगा, भाईनं काही लपवलं नव्हतं. शहर लहान आहे ताई, एवढं बोलणं माझ्यामागं नको."

मी म्हणाले, "व्हय भाई. आजच सांगते."

याला आता वर्ष होत आलं. एआय ती फाइल वाचून काम करतो, चुकत नाही. सरांनी भाईंची जागा भरली नाही, ते काम माझ्याकडं आलं आणि पगारही थोडा वाढला. दोन ठिकाणांहून सरांना भाईंबद्दल विचारायला फोन आले, तेव्हा मी समोरच बसले होते. सर दोन्ही वेळा म्हणाले, माणूस कामाचा आहे, पण ज्ञान लपवतो. मी अजून सांगितलेलं नाही.