दोन किलोचं वजन

पोलिओने माझा उजवा पाय लहानपणीच बारीक करून ठेवला होता. चालायची मी, पण लंगडत आणि हळू. आमच्या वस्तीपासून निफाडचं हायस्कूल पाच किलोमीटर. सातवी झाल्यावर वडील सरळ म्हणाले, "जूनपर्यंत सायकल चालवता आली तर शाळा. नाय तर बागेत कामाला चल. रोज कोण सोडणार तुला?"

गावच्या शाळेतल्या आमच्या बाईंना स्वतःला सायकल येत नव्हती. त्यामुळे त्यांना यात काहीच अवघड वाटलं नाही. सुट्टीत रोज सकाळी त्या मैदानात यायच्या, जुन्या ट्यूबच्या पट्टीने माझा उजवा पाय पेडलला बांधायच्या आणि पदर खोचून मागे पळायच्या. जोर डावा पाय लावायचा, उजवा नुसता फिरून यायचा.

चालवणं आठवड्यात जमलं. थांबणं जमेना. वेग कमी झाला की सायकल उजवीकडे कलायची, आणि तो पाय तर बांधलेला. मी धप्पकन आडवी.

"बाई, धरा!"

"किती दिवस धरू? हायस्कूलला मलाही नेणार आहेस का?"

एके दिवशी त्यांनी वर्गात मापं शिकवायचं दोन किलोचं लोखंडी वजन आणलं आणि कॅरिअरच्या डाव्या बाजूला करकचून बांधलं. थांबताना सायकल डावीकडे झुकली, डावा पाय टेकला, मी उभी!

"हात्तिच्या! एवढंच होतं होय," बाई म्हणाल्या.

जून लागताच वडिलांनी परीक्षा घेतली. मी पुढे, ते मागे त्यांच्या सायकलवर. निफाडजवळ उताराला समोर रेल्वेचं फाटक पडायला लागलं. मी दोन्ही ब्रेक दाबले. सायकल डावीकडे झुकली, पाय टेकला. फाटकापासून हातभर अंतरावर मी उभी.

वडील धापा टाकत आले. "फाटक पडलं ते बरं झालं. नाय तर लय पळवलं असतंस मला." मग घाम पुसत म्हणाले, "उद्या दाखला काढू."

मी बाईंकडे पेढे घेऊन गेले. त्यांनी एक तोंडात टाकला. "छान. आता माझं वजन सोड. शाळा सुरू होतेय, तिसरीला किलो शिकवायचाय."

"आणि मी पडले तर?"

"तिथे दप्तर बांध. तेही काही हलकं नसतं."

बांधलं. तीन वर्षांत एकदाच पडले. त्या दिवशी स्नेहसंमेलन होतं, दप्तर घरी होतं.