लांबची पेटी आधी

मुलगा दर हिवाळ्यात विचारतो, "बाबा, दिल्ली-आग्रा करून येऊ. तुम्हाला फक्त गाडीत बसायचं आहे." मी नाही म्हणतो. त्याला वाटते म्हातारा हेकट आहे. आहे मी हेकट. पण कारण तेवढंच नाही, म्हणून लिहायला बसलो. शाळा थोडीच झाली आहे, जसं येते तसं लिहून राहिलो.

ऐंशीच्या पुढची ती वर्षं. आमचं घर नदीपलीकडे सावरगावात, अन् काम पांढुर्ण्याला, एका सेठच्या संत्र्याच्या गोदामात. बायको फळ निवडायची अन् लाकडी पेटीत भाताच्या तणसावर बसवायची. मी वरून फळ्या ठोकायचो अन् ट्रक भरायचो. पेटीवर काळ्या रंगानं शहराचं नाव असे. कलकत्त्याला जायचं फळ कच्चट, हिरवट घ्यावं लागते, कारण रस्त्यात पिकते. बनारसला त्याहून थोडं पिकलेलं. दिल्लीचा ट्रक वेगळा. बायको एकेक फळ अंगठ्यानं दाबून पाहायची अन् म्हणायची, "जा बाई, तू तरी पाहून ये."

तिच्या मनात ते तिथूनच भरलं. आपण भरलेलं संत्रं सारा हिंदुस्थान फिरून राहिलं, अन् आपण नागपूरच्या पुढं गेलो नाही. त्यात सेठच्या घरी नवा टीव्ही आला. सव्वीस जानेवारीला त्यानं आम्हा सगळ्यांना अंगणात बसवून दिल्लीची परेड दाखवली. शिपाई, उंट, रणगाडे निघून गेले. ही मात्र रस्त्याच्या कडेला उभे असलेले लोक पाहत होती. मला कोपर मारून म्हणाली, "यायनंच खाल्ले असतील ना आपले संत्रे?"

मग ठरलं की जायचं. आंबिया बहाराची संत्री संपून मृग बहाराची यायच्या मधे गोदामात काम नसते, तेव्हा. संध्याकाळी ट्रकची वाट पाहत बसलो की आमचा बेत चालायचा. ती रिकाम्या पेट्या अंगणात मांडायची. ही दिल्ली, हा आग्रा, हे बनारस, हे कलकत्ता. गयेला आमचा माल जात नव्हता, तिथली पेटी नव्हती, म्हणून तिथं ती आपलं टोपलं पालथं घालायची. विहारातल्या बाया बस करून गयेला जाऊन आल्या होत्या, अन् ते पिंपळाचं झाड तिला त्यांच्या तोंडून ऐकून ऐकून पाठ झालं होतं. मी थकून एखाद्या पेटीवर टेकलो की ओरडायची, "उठा तिथून! माझ्या कलकत्त्यावर बसू नका."

भांडण एकाच गोष्टीचं. मी म्हणायचो, पांढुर्ण्याहून सरळ गाडी आहे, आधी आग्रा, मग दिल्ली, मग जमेल तसं पुढं. ती म्हणायची, आधी कलकत्ता. का तर ट्रक भरताना लांबची पेटी आधी चढते.

"अवं, जे आधी भरलं ते आतमधी जाते," मी समजावलं. "ते उतरते सगळ्यात शेवटी. तुह्याच हिशोबानं कलकत्ता शेवटी येते."

"मी काय पेटी आहो का? मले कोणी भरून नाही राहिलं, मी माह्या पायानं जाऊन राहिली. पायात दम आहे तवर लांबचं पाहून घ्यावं. जवळचं काय, कवाही होते."

सेठ ऐकत असायचा. तो म्हणाला, "बाई, ट्रकमधी जागा ठेवू का? तणसात बसवून पाठवतो कलकत्त्याले."

"पाठवा ना सेठ. पण रस्त्यात नासली तं नुकसान तुमचं."

सारं गोदाम हसलं. शेवटी मी तिचं मानलं. गोलच फिरायचं होतं. नागपूरहून हावडा, तिथून गया, बनारस, मग दिल्ली, आग्रा अन् घर.

पुढच्या हंगामात तिला धाप लागू लागली. पेटी सरकवली की बसायची. तिचं माहेर रामाकोन्याचं. भाऊ येऊन तिला सौंसरच्या डॉक्टरकडे घेऊन गेला, त्यानं नागपूरला पाठवलं. छातीतली झडप खराब आहे, म्हणाले. गोळ्या सुरू झाल्या. जड उचलू नका, जिने चढू नका.

मी बेत सोडला नाही, लहान केला. म्हटलं, कलकत्ता गाळू. रात्री पांढुर्ण्याला गाडीत बसू, सकाळी आग्रा, ताजमहाल पाहू अन् परत. तिनं ऐकून घेतलं. मग उठून दिल्लीची पेटी उचलून बाजूला ठेवली, आग्र्याची ठेवली, बनारसचीही ठेवली. कलकत्ता अन् टोपलं राहू दिलं.

मी म्हटलं, "अवं, उलटं करून राहिली तू."

"जवळचं माह्यामांगं तुमी पाहून घेजा," ती म्हणाली.

मला राग आला.  पण आंबिया संपला तशी हावड्याचीच तिकिटं काढली.

पॅसेंजरनं नागपूरला गेलो. भाकरी, तिखट, चिवडा अन् तिनं स्वतः निवडलेली संत्री, असं पोतडं माझ्या खांद्यावर. हावड्याची गाडी पलीकडच्या फलाटावर होती. मधे पूल. इकडून जिना चढायचा, तिकडून उतरायचा. ती थोड्या पायऱ्या चढली अन् कठडा धरून उभी राहिली. ओठ निळसर झाले. मग तिथंच बसली. लोक आमच्या अंगावरून चढून राहिले होते.

मी पेट्या उचलणारा माणूस. तिचं वजन राहिलंच किती होतं! खाली वाकून म्हटलं, "चाल, पाठीवर बस. पलीकडं नेतो."

"नको."

"लाजू नको वं. इथं कोण ओळखते आपल्याले?"

"लाज नाही. उचलून नेलं तं तुमी कलकत्ता पाह्यलं असं होईन. मले माह्या पायानं पाह्याचं होतं."

मी पुन्हा म्हटलं, हात धरून ओढलंही. तिनं कठडा सोडला नाही. त्या पायऱ्यांवरून पलीकडचा फलाट दिसत होता. गाडी सुटली. ती शेवटच्या डब्यापर्यंत पाहत राहिली. मग म्हणाली, "काय लांब गाडी आहे वं माय!" अन् भाकरीचं फडकं सोडलं. आम्ही तिथंच बसून जेवलो.

त्याच दिवशी परत फिरलो. इटारसीकडे जाणारी पॅसेंजर होती. तिला खिडकी दिली. ओळखीचंच सारं, काटोल, नरखेड, पण ती प्रत्येक टेसनावर बाहेर डोकं काढून फलाटावरची माणसं पाहत होती, चहावाला, बकरी घेऊन चढणारी बाई. पाहून झालं की मला सांगायची. तिला बोलताना धाप लागत होती, तरी सांगायची. मी हूं हूं करत होतो. माझं लक्ष नव्हतं, मला तिचे ओठ दिसत होते.

पुढचा बहार तिनं पाहिला नाही. आता मला ते बोलणं हवं आहे. सगळं नको, काटोलच्या बकरीचंच सांगावं. दिल्ली घेऊन काय करू?

त्या दिवशी पांढुर्णा आलं. मी पोतडं घेऊन उभा राहिलो. ती उठेना.

"उतर ना वं."

"बसू द्या थोडं. गाडीची सिटी झाली का उतरू."

मी तिच्याजवळ उभा राहिलो. सिटी झाली तशी ती शहाण्यासारखी उठली अन् माझा हात धरून उतरली. गाडी पुढं तिगावकडे गेली. दुसऱ्या दिवशी कामाला जायचं नव्हतं, पोरगा रामाकोन्याला मामाकडे होता, घरी कोणी वाट पाहत नव्हतं. बसून राहिलो असतो तर कोणाचं काय बिघडलं असतं?