पायमोजे न काढता

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बरखेड्याच्या क्वार्टरमधल्या बालमैत्रिणीला नाही, रोज सकाळी देवापुढे हात जोडते — तिथेही नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही.

हबीबगंजच्या बाजूला एका मदतसंस्थेचं केंद्र आहे, तिथे मी काम करते. अतिकुपोषित बाळं येतात. दर शुक्रवारी वजन करायचं, दंडाचा घेर मोजायला रंगीत पट्टी लावायची, मग दोन्ही पावलांवर अंगठा दाबून तीनपर्यंत मोजायचं. खड्डा राहिला तर सूज, आणि सूज असली की बाळ त्याच दिवशी इस्पितळात. नसली तर शेंगदाण्याच्या औषधी पेस्टची आठवड्याची पाकिटं देऊन घरी. हे नव्या मुलींना शिकवते कोण? मीच. मी भरलेली बाळांची कार्डं नमुना म्हणून दाखवतात — अक्षर चांगलं आहे माझं.

रोशनी नऊ महिन्यांची होती. तिची आई सरिता, बाग सेवनिया वस्तीत आमच्या घरासमोरच्या बांधकामावर विटा वाहायची. मीच त्या दोघींना केंद्रावर आणलं, म्हणून रोशनी ‘माझी’ — असं मी मिरवायचे. थंडी पडली तेव्हा तिच्यासाठी पिवळे लोकरीचे पायमोजे विणले.

त्या शुक्रवारी तिचं वजन एका आठवड्यात अर्धा किलो वाढलेलं निघालं. गालही भरलेले. मी टाळ्या वाजवल्या, बाकीच्या आयांना बोलावलं, सरिताला सगळ्यांसमोर उभं केलं. एवढंसं बाळ आठवड्यात इतकं वाढतं का? मला माहीत नव्हतं? असं वाढलेलं वजन सुजेचं असू शकतं, आधी पावलं बघा — हेही मीच शिकवते. पण पायमोजे घट्ट बसले होते, ओढले असते तर ती रडली असती, आणि — खरं सांगू? — तो कौतुकसोहळा मला मोडायचा नव्हता. सुजेच्या रकान्यात मी ‘नाही’ लिहिलं. पायाला हातही न लावता.

चूकच असती नुसती, तर कदाचित कधीतरी बोलले असते.

पुढच्या शुक्रवारी रोशनीचे डोळे सुजून मिटले होते. डॉक्टरीणबाईंनी पायमोजा काढला, अंगठा दाबला, उचलला. मळलेल्या कणकेत राहावा तसा खड्डा राहिला. आणि घोट्याभोवती वळ — माझ्या विणीचे, एक टाका सुलट, एक उलट. बाईंनी कार्ड उलटून विचारलं, “पिछले हफ्ते सूजन नहीं थी?”

आणि मी — एक क्षणही थांबले नाही, याचा धक्का मला अजून पचलेला नाही — म्हणाले, “नहीं थी, मैडम. घर पे पैकेट पूरे नहीं खिलाती होगी.”

चोराच्या उलट्या बोंबा. सरिताने पिशवी पालथी केली. सगळी रिकामी पाकिटं होती, धुऊन, घडी घालून ठेवलेली. “सब खिलाए, दीदी,” एवढंच ती म्हणाली, आणि बघत राहिली ती माझ्याकडे — मी तिच्या बाजूने बोलेन म्हणून. पाकिटं मोठ्या भावंडांच्या पोटात जाणं आमच्याकडे रोजचंच, त्यामुळे तिच्यावर कुणी विश्वास ठेवला नाही. आदल्या आठवड्यात टाळ्या वाजवणाऱ्या त्याच आयांसमोर ती बोलणी खात राहिली. मी कार्डं लावत होते.

रोशनी इस्पितळात तिसऱ्या दिवशी दगावली. आठवडाभर आधी पोचली असती तर? तो आठवडा मी तिला मिळू दिला नाही.

दोन वर्षांनी, यंदाच्या थंडीत, सरिता पुन्हा आली, दुसरी मुलगी घेऊन. नंबर लागण्याआधीच तिने दारात बसून बाळाचे पायमोजे काढून ठेवले होते. मी अंगठा दाबला, तीनपर्यंत मोजलं, पुन्हा मोजलं. सूज नव्हती. पाकिटं पिशवीत भरताना ती खाली बघत म्हणाली, “इस बार पूरे खिलाऊँगी, दीदी. पिछली बार मुझसे ही कमी रह गई होगी.”

पाकिटं तिने सगळी खाऊ घातली होती. हे तिलासुद्धा आता खरं वाटत नव्हतं.

मी म्हणाले, “हाँ, इस बार ध्यान रखना.”