फळ्यावरची पहिली ओळ

मदनभाऊ गेल्याची बातमी धुळ्याला मॅटिनी सुरू होताना आली आणि मला ती मॅटिनी सुटल्यावर कळली. घरी फोन नाही, म्हणून जळगावहून ट्रंककॉल आमच्या टॉकीजच्या ऑफिसात आला. तो घेतला माझ्या सासऱ्यांनी. सगळं धुळं त्यांना बाबूजी म्हणतं. शुक्रवारचा दिवस, नवा खेळ, बाहेर हाउसफुलची पाटी. निरोप द्यायला एक माणूस मोकळा नव्हता म्हणे! टॉकीजपासून आमचं घर हाकेच्या अंतरावर आहे. नंतर मी विचारलं तर म्हणाले, "सूनबाई, लवकर कळून काय होणार होतं?" काय होणार होतं? माझा सख्खा भाऊ आडतीच्या गादीवर बसल्या बसल्या छातीत कळ येऊन गेला होता. आमच्यात सूर्य मावळायच्या आत नेतात. मी एस.टी.तून उतरून धावत घरी पोचले तेव्हा अंगण धुऊन झालं होतं. मला भावाचं तोंड दिसलं नाही. एका मॅटिनीपायी दिसलं नाही.

तेही गिळलं असतं एक वेळ. आजवर काय थोडं गिळलंय! पण पुढच्या आठवड्यात मार्केटात शोकसभा झाली आणि तिथे बाबूजी उभे राहिले. डोळ्यांना रुमाल लावून म्हणाले, "मदनलालजींचं सिनेमावर फार प्रेम. आमच्या टॉकीजला ते मंदिर मानायचे." लोकांनी माना डोलावल्या. माझे वडील, आबा, पुढच्याच खुर्चीत बसले होते, त्यांनीही डोलावली. मी बायकांत मागे बसले होते. अंगाची नुसती लाही झाली. त्या मंदिरात माझा भाऊ गेली दहा-बारा वर्षं पाय ठेवत नव्हता, हे त्या दोघांइतकं कुणाला ठाऊक होतं? म्हणून हे लिहायला बसले. छापून आल्यावर आमच्या घरात काय व्हायचं ते होऊ दे.

आमचं घराणं मूळचं राजस्थानातलं. घरात मारवाडी, दुकानात खानदेशी आणि शाळेत पुस्तकी मराठी, अशा तीन भाषांत आम्ही भावंडं वाढलो. जळगावच्या मार्केटात आबांचं आडतीचं दुकान. शेतकऱ्यांनी माल आणायचा, आबांनी तो व्यापाऱ्याला विकून द्यायचा. दुकानात शिरल्या शिरल्या समोर एक मोठा काळा फळा आहे. ज्वारी, कपाशी, भुईमूग, हरभरा... रोज सकाळी भाव खडूने लिहायचे, हे काम मदनभाऊचं. व्यापाऱ्याचं वर्ष दिवाळीला संपतं. पाडव्याला पूजा होते, सौदे बंद, फळा कोरा. त्या कोऱ्या फळ्यावर मदनभाऊ आपल्या आवडीचे वर्षभरातले चित्रपट क्रमाने लिहायचा. दिवाळी ते दिवाळी, नंबर एकपासून. इतकंच नाही, पुढे शेरा. तोही आडत्याचा! 'दाणा भरलेला.' 'ओल जास्त, वाळवून घ्यावा.' 'वर चांगला, पोत्याच्या तळाशी खडे.' रामराम करायला आलेले लोक पेढा तोंडात टाकून आधी फळ्याकडे बघायचे आणि मग जी जुंपायची! याला तिसरा का, त्याला पाचवा का, त्यातली आई काय रडली आहे, तुला काळीज आहे का मदन! एकदा सातपुड्याच्या पायथ्याचा एक म्हातारा मार्केट बंद असल्याचं न कळून भुईमूग घेऊन आला. फळा वाचून गोंधळला. "हाऊ माल कोठला शे, भाऊ?" मदनभाऊ म्हणाला, "मुंबईना शे बाबा, पण बठ्ठा चांगला नही." सगळाच काही चांगला नाही म्हणे! म्हाताऱ्याला बसवून त्याने पेढा दिला, चहा पाजला. हा असा माझा भाऊ.

पासष्ट-सहासष्ट साल असेल. माझी सगाई धुळ्याच्या या टॉकीजवाल्यांकडे झाली. लग्नाचे कपडे घ्यायला म्हणून मदनभाऊ मला धुळ्याला घेऊन गेला आणि कपडे राहिले बाजूला, आम्ही जाऊन बसलो त्यांच्याच टॉकीजमध्ये. चित्रपटाचं नाव मी इथे मुद्दाम लिहीत नाही. गाणी नाहीत, मारामारी नाही. पाण्याच्या टाकीवर कामाला असलेला एक बाप मुलीला शाळेतून काढतो, आणि मग शाळा सुटायच्या वेळी रोज त्या फाटकाशी जाऊन उभा राहतो. बस, एवढीच गोष्ट. खुर्च्या सगळ्या रिकाम्या. मागून कुणीतरी "ए, पंखा तरी लावा!" म्हणून ओरडलं. मी रडले आणि मदनभाऊ माझ्याहून जास्त रडला. बाहेर येऊन नाक पुसत म्हणाला, "शांता, या वर्षी भांडण नाही. पहिला नंबर लागला." शुक्रवारी लागलेला तो चित्रपट बाबूजींनी सोमवारी उतरवला आणि गल्ला भरणारा जुनाच खेळ परत चढवला. त्या खेळाने पुढे ज्युबिली केली. टॉकीजला तोरणं लागली, पेढे वाटले.

त्या पाडव्याला बाबूजी व्याही म्हणून पहिल्यांदाच आमच्या दुकानी आले. जरीचा फेटा, हातात मिठाईची टोपली. फळ्यावर पहिली ओळ: तो उतरवलेला चित्रपट. शेरा: 'असा माल परत पाठवणाऱ्याला आडत करता येत नाही.' आणि अगदी तळाला ज्युबिलीवाला. शेरा: 'पोतं नवं, माल जुना.' बाबूजींनी ते वाचलं. सगळं मार्केट गोळा झालेलं, त्यातला एक जण हसला. बाबूजींनी टोपली खाली ठेवली आणि म्हणाले, "व्याहीबुवा, आमची अब्रू खडूने मांडायची असेल तर सगाईचा विचार करावा लागेल. आमचा खेळ वर चढवा, मग पेढा घेतो."

आबा उठले. फळ्याकडे नीट बघितलंही नाही. उपरण्याच्या टोकाने वरची ओळ खसकन पुसली आणि खडू मदनभाऊच्या हातात कोंबला. "लिही, व्याही सांगतात ते लिही." मी आतल्या दारात उभी होते. मला कुणी विचारलं का? लग्न माझं, माणूस माझा, धमकी माझ्या नावाने, आणि माझ्याकडे कुणी मान वळवून बघेना! एका मदनभाऊनेच बघितलं. मग खडू टेबलावर ठेवून म्हणाला, "आबा, तुम्ही पुसलंत, पुसा. पण त्या जागी दुसरं लिहिणार नाही. पहिली ओळ कोरी राहील." दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी मध्ये पडून मिटवलं. माझं लग्न लागलं. ती ओळ मात्र कोरीच राहिली. पुढच्या प्रत्येक पाडव्याला तो दोनपासून लिहायचा. शेरे नाहीत. हळूहळू लोकांनी भांडायचंही सोडलं. पहिलाच नाही तर भांडणार कशावर?

मदनभाऊचाही राग येतो मला. एका दिवाळीला माहेरी गेले तेव्हा त्याला म्हटलं, "लिही ना रे आता. माझं लग्न झालं, पोरं झाली, आता कोण काय मोडतंय?" तो खडू बोटांत फिरवत राहिला... म्हणाला, "तुला तिथे राहायचंय, शांता." म्हणजे हा माणूस एवढी वर्षं माझ्यासाठी तोंड मिटून बसला होता! अरे, मी सांगितलं होतं का? मीच त्या बाबूजींना तोंडावर दोन शब्द ऐकवले असते. आज ऐकवते आहे, तर वाचायला तू नाहीस.

तेराव्यानंतर दुकान उघडलं. त्याच दिवशी मी धुळ्याला परतणार होते, पण आधी आबांशी भांडायचं पक्कं ठरवून दुकानात गेले. आबा आता फार थकलेत. मदनभाऊ नाही, म्हणून फळा आता तेच लिहितात. स्टुलावर उभे राहून भाव मांडत होते. ज्वारी, कपाशी, हरभरा... आणि मला दिसलं, त्यांनी सुरुवात दुसऱ्या ओळीपासून केली होती. वर हातभर जागा मोकळी.

"आबा, वरची ओळ सोडलीत."

"ती मदनची आहे," आबा म्हणाले. "तो भाव लिहितानाही सोडायचा. रोज."

मला वाटलं होतं माझा राग विरघळेल. नाही विरघळला. उलट भडकला. "मदनची होती, तर तेव्हा का पुसलीत?" मी दुकानभर ऐकू जाईल असं ओरडले. हमाल थबकले. आबा स्टुलावरून वाकले. खडू माझ्यापुढे धरून म्हणाले, "तू लिही. तुझ्या हाताने लिही."

"तुम्ही पुसलंत. तुम्हीच लिहा."

आबा वळले. स्टुलावर टाचा उचलून खडू वरच्या ओळीपर्यंत नेला. हात तिथेच थांबला. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "काय नाव होतं गं त्याचं?"

मी सांगितलं नाही. चपला घातल्या आणि एस.टी. स्टँडकडे चालू लागले.