दुर्बिणीचा वाटा

उतेकरकाकांनी जनावराकडे कधी बोट दाखवलं नाही. ओढ्यापलीकडे सांबर उभं असलं तरी त्यांचा हात वर यायचा तो मुठीसकट, आणि मुडपलेल्या बोटाच्या पेराने ते दिशा दाखवायचे. वेलीवरच्या कोवळ्या काकडीला बोट दाखवलं तर ती कुजते, असं कोकणात म्हणतात. "फळाचं तेच जनावराचं," काका म्हणायचे. "बोट रोखायचं नाही. आपण पाव्हणे. पाव्हण्याने बघायचं आणि गप घरी जायचं." मग त्यांच्यामागे उभे असलेले आम्ही आठदहा जण, कुणी बँकेतला, कुणी शाळेतला, एक तर चक्क दातांचा डॉक्टर, आपापली बोटं खिशात घालून बघत राहायचो.

या माणसाने मला फसवलं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी त्यांच्याबद्दल बरंच चांगलं लिहिणार आहे आणि ते वाचून तुम्हीही माझ्यासारखे विरघळाल. काका हयात आहेत. भाईंदरच्या खारी गावात, माझ्या दुकानापासून दोन गल्ल्या सोडून राहतात. मी त्या गल्लीतून जायचं सोडलं आहे.

माझं भाईंदर पूर्वेला सीसीटीव्ही बसवायचं दुकान आहे. आमचं गिऱ्हाईक म्हणजे सोसायट्यांचे सेक्रेटरी. त्यांना चोर पकडण्यात फारसा रस नसतो. जिन्यात पानाची पिंक कोण टाकतं ते बघायचं असतं. अशा दुकानात एका दुपारी एक काटकुळा, पांढऱ्या मिशांचा माणूस आला, खुर्ची पुढे ओढून बसला आणि म्हणाला, "शेठ, बिबट्या दिसंल असा कॅमेरा हाय का?" मी विचारलं, कुठल्या सोसायटीत? ते इतके हसले की शेजारचा मोबाईलवाला डोकावून गेला. त्या दिवसापासून मी त्यांचा 'शेठ' झालो आणि पुढच्याच रविवारी पहाटे त्यांच्या मागून शहराबाहेरच्या वरसाव्याच्या रानाकडे चालू लागलो.

काका मूळचे पोलादपूरकडचे. उभी हयात इथल्या स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिश मारण्यात गेली. नखांच्या कडा काळ्या झाल्या त्या झाल्याच. निवृत्त झाल्यावर लोक देवळात जाऊन बसतात, हे रानात जाऊन बसायला लागले. मला वडील फार लवकर गेले. चाळिशीत आलेल्या माणसाने कुणाचं तरी बोट धरावं हे हास्यास्पद आहे, पण मी धरलं. त्यांच्याबरोबर चालताना मला कुणीतरी आपल्याला घेऊन निघालंय असं वाटायचं. बायको, सुजाता, चिडवायची, "रविवारी सासऱ्यांकडे जाऊन आलात का?"

एकदा वरसाव्याच्या पुढे करवंदीच्या जाळीत त्यांना तारेची फासकी सापडली. ससा नाहीतर भेकर जायच्या वाटेवर कुणीतरी लावलेली. आम्हाला ती दाखवूनही दिसेना. काका गुडघ्यावर बसले, तार सोडवली, तिचं वेटोळं करून पिशवीत टाकलं आणि वनखात्याच्या चौकीवर नेऊन दिली. तिथला वनरक्षक, आमच्याहून वयाने लहान, वर्दीतला, पण काकांना बघून उभा राहायचा. त्याने विचारलं, "काका, तुम्हाला कसं दिसतं हे?" काका म्हणाले, "अरे, जनावराच्या उंचीवर डोळे ठेवले की दिसतं." आम्ही सगळे धन्य झालो. फासकी कुठे लावतात हे ज्याला इतकं नेमकं कळतं, तो ते कुठे शिकला असेल, हा साधा प्रश्न आमच्यातल्या एकाही सुशिक्षिताला पडला नाही. भक्ती बसली की अक्कल चप्पल घालून बाहेर जाते.

मागच्या दिवाळीनंतर काका दुकानात आले ते मोबाईल पुढे धरूनच. कुठल्यातरी परदेशी व्हिडिओत अंधारातलं रान होतं आणि त्यात जनावरं पांढरीशुभ्र चमकत होती. "शेठ, ही ऊब दाखवणारी दुर्बीण. आपल्याला परवडंल अशी शोध." मी म्हटलं, हवी कशाला, टॉर्च आहेत ना? तर मला झापलं. "टॉर्च मारली की जनावर आंधळं होतं. तिथंच खिळतं. पाप आहे ते. ह्याच्यात उजेड नाही, आवाज नाही. त्याला कळतच नाही आपण आहोत."

हे कारण मला इतकं आवडलं की मी पुढचा महिनाभर धंदा सोडून त्या दुर्बिणींच्या मागे लागलो. जाहिरातीत प्रत्येक दुर्बिणीला एक किलोमीटरवरचं दिसतं. दिसतं म्हणजे काय, तर एक पांढरा ठिपका. तो ठिपका म्हैस आहे की शेजारच्या प्लॉटचा वॉचमन, हे कळायला शंभर पावलांवर जावं लागतं. स्वस्तातल्या सगळ्या अशाच. काहींत चित्र अडखळत पुढे सरकायचं, काहींची बॅटरी चहा उकळेपर्यंत संपायची. मी काकांना समोर बसवून एकेक समजावत होतो. त्यांचा एकच आग्रह होता. "ठिपका नको. डुक्कर की भेकर, ते लांबून कळलं पाहिजे." मला वाटलं, केवढी ही बघण्याची असोशी.

बाकीचे त्यांचे प्रश्न मात्र चमत्कारिक होते. दणका सोसेल का? मी म्हटलं, एसटीच्या मागच्या सीटवर ठेवलीत तरी काही होणार नाही. हातात धरायच्या सुटसुटीत दुर्बिणी त्यांना नकोच होत्या. त्यांना खाली पट्टी असलेली, आत बरोबर मधोमध आडवी-उभी रेघ असलेली पाहिजे होती. "हात थरथरतो रे आता. पट्टी असली की स्टँडवर बसंल. आणि रेघ असली म्हणजे मधोमध बघायची सवय लागते."

माझा नेहमीचा होलसेलवाला स्पष्ट बोलला. "साब, ये तो रायफल पे लगानेवाला आयटम है. आपको देखने का है तो हँडवाला लो ना." काका शेजारीच बसले होते. ते हसून म्हणाले, "अरे भाई, रायफल किसको चलानी आती है? हम तो बिल्ली-कुत्ता देखनेवाले लोग." आणि मी त्या होलसेलवाल्यावरच खेकसलो. ये काका कौन है मालूम है क्या, जाल तोडते है लोगों का, वगैरे. त्या बिचाऱ्याने माल काढून दिला. आजही त्याच्याकडे गेलो की मान वर करून बघवत नाही.

दुर्बीण आली. खरंच चांगली होती. परवडणाऱ्यांतली सर्वांत चांगली, माझ्या हातून निवडली गेलेली. एका संध्याकाळी वरसाव्याला रस्त्याकडेच्या चढावर आम्ही आळीपाळीने डोळा लावला. झाडोरा काळा आणि त्यात एक भेकर, तव्यावर फुगलेल्या भाकरीसारखं पांढरं. कान हलत होते, तेही दिसत होते. दातांच्या डॉक्टरांच्या डोळ्यांत पाणी आलं. काकांनी सर्वांत शेवटी पाहिलं आणि बराच वेळ पाहिलं. मग माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "शेठ, तू माझं काम केलंस." ती थाप मला कितीतरी दिवस पुरली.

शिमग्याला काका गावी गेले, दुर्बीण घेऊन. परत आले ते थेट दुकानात, हातात स्टीलचा डबा. "गावचं मटण आहे. सूनबाईला सांग, मंद गॅसवर गरम कर. फेकायचं नाही हां." शिमग्यात गावोगाव बोकड पडतात, त्यात विचारायचं काय? दुपारी घरी आम्ही नवराबायको भाकरीबरोबर जेवलो. मसाला थोडा जळजळीत होता, मांस काळपट आणि दाट. सुजाता म्हणाली, "गावच्या बोकडाची चवच वेगळी." मी हाडं चोखली, बोटं चाटली. त्या दिवशी आवडलं होतं, खोटं कशाला बोलू?

डबा रिकामा परत करायचा नसतो म्हणून सुजाताने त्यात रव्याचे लाडू घातले. संध्याकाळी मी तो द्यायला गेलो. काका घरात एकटेच होते. मांडीवर दुर्बीण घेऊन मऊ फडक्याने काच पुसत होते आणि तिच्या खालच्या पट्टीला एक नवी लोखंडी पकड आवळलेली होती. मी विचारलं, हे स्टँडचं का? त्यांनी सहज सांगितलं, "नाही रे. बंदुकीचं. गावात लोहाराने करून दिलं, काय फिट बसलंय बघ. आवडला ना वाटा? भेकर होतं."

मला आधी कळलंच नाही. मग ते समजावू लागले, मी त्यांना दुर्बिणी समजावत होतो तसेच. त्यांच्याकडे शिकारीचे वाटे पडतात. ज्याची बंदूक त्याचा एक, कुत्री ज्याची त्याचा एक, रानातून जनावर उठवत हाका घालणाऱ्यांचे, आणि मग गावातल्या घरटी एक. "ह्या वर्षी पोरांना सांगितलं, दुर्बिणीचा वाटा वेगळा काढा. ती शेठने निवडली. त्याचा हक्क बुडवायचा नाही." हे सांगताना त्यांचा चेहरा उजळला होता. आपण कसे सचोटीचे, याचा आनंद होता त्यावर.

"काका, तुम्ही फासक्या तोडता," मी म्हणालो.

"तोडतो की. ते रान माझं नाही. इथं मी पाव्हणा. गावचं रान माझ्या बापजाद्यांचं. तिथं कसला पाव्हणा?"

"मला खोटं सांगितलंत. टॉर्चने पाप लागतं म्हणालात."

"लागतंच. टॉर्चने जनावर खिळतं, ते मारण्यात काय मर्दुमकी? आणि खरं सांगितलं असतं तर घेऊन दिली असतीस?"

"नाही."

"मग? आणि आम्ही डुकरासाठीच बसलो होतो. पावसाळा आला की नाचणीचं वाटोळं करतात डुकरं. भेकर मधे आलं."

इथे मात्र मी ओरडलो. नुसता ठिपका दाखवणारी घेतली असती तर चूक झाली म्हणता आलं असतं. पण मी महिनाभर खपून जी निवडली होती, तिच्यात कान दिसतात. त्यांनी कान बघितले होते आणि मग चाप ओढला होता. काकांनी दुर्बीण फडक्यात गुंडाळून बाजूला ठेवली आणि डब्यातला लाडू काढून माझ्यापुढे धरला. मी घेतला नाही.

"मी चौकीवर जाऊन सांगेन," मी म्हणालो. "गुन्हा आहे हा."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते माझ्याकडे अगदी मायेने बघत राहिले. "नाही सांगणार तू, शेठ. घरटी वाटा कशाला देतात माहितीये? पोट भरायला नाही. ज्याने वाटा खाल्ला, तो बोलत नाही. आमच्या गावात आजवर कुणी बोललेलं नाही."

म्हणजे तो डबा माझ्या हक्काचाही होता आणि माझ्या तोंडाचं कुलूपही. दोन्ही त्यांनी एकाच मनाने दिलं होतं, त्यात त्यांना काही विसंगत वाटत नव्हतं. मी उठलो आणि चालू लागलो. सुजाताला रात्री सांगितलं तेव्हा ती कितीतरी वेळ मोरीत उभी होती. मग बाहेर येऊन म्हणाली, "मला का खाऊ घातलं त्यांनी? मी काय केलं होतं?"

त्यानंतरच्या रविवारी मी वरसाव्याला गेलो. जाणारच होतो, ठरवून, मनात वाक्यं जुळवून. चौकीपाशी तो वनरक्षक मला बघून बाहेर आला, नेहमीसारखा माझ्या मागे बघू लागला आणि म्हणाला, "आज काका नाहीत? बरे आहेत ना?"

आमची सगळी मंडळी मागून येत होती. दातांचे डॉक्टर गळ्यात आपली साधी दुर्बीण अडकवून हसत होते. मी तोंड उघडलं.

"गुडघे धरलेत त्यांचे," मी म्हणालो.

"जपायला सांगा," तो म्हणाला. "असा माणूस मिळत नाही."

मी मान हलवली.